एकेरी तिकीट

पिट्सबर्ग
१६ एप्रिल २०१२

प्रिय अर्लीन,

अठ्ठावन्न वर्षांत तुझ्या भावानं तुला लिहिलेलं हे पहिलं पत्र. तेव्हा आधी खुर्चीत बस, मग वाच. मेलेलो नाही. तुरुंगातही नाही. मी फिरायला निघालोय.

हसू नकोस. तुमच्या तळघरातून निघालो तेव्हा म्हटलं, आता यंग्जटाउनमध्ये राहून करायचं काय? तीस वर्षं त्या गावातल्या अर्ध्या दुकानांवर माझ्या हातची अक्षरं होती. आता पाट्या यंत्रातून कापून चिकटवतात, आणि चिकटवायला दुकानंही उरली नाहीत. व्हॅन विकली, शिड्या विकल्या, तीन ब्रश तेवढे खिशात ठेवले. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या, आता लोकांनी रंगवलेल्या भिंती बघत हिंडतो.

आणि स्वस्तात, बरं का! इथवर एका डॉलरात आलो. काही बसकंपन्या प्रत्येक गाडीतली एकदोन आसनं डॉलरला विकतात. सकाळी नऊला ग्रंथालय उघडतं, तिथल्या संगणकासमोर गळ टाकून बसायचं. लागला मासा तर लागला. दुपारी एका चर्चच्या तळघरात फुकट जेवण असतं, कोणी नावगाव विचारत नाही. सूप तुझ्या हातच्यापेक्षा खारट.

काल रेल्वेच्या पुलाखाली एक भिंत सापडली. एक बाई नदीत केस धुतेय आणि त्या केसांचा वरती कारखान्यांचा धूर झालाय. रंग मुद्दाम ओघळू दिलेत. अर्धा तास बघत उभा होतो. खालची अक्षरं मात्र कुण्या अडाण्यानं काढलीत. 'एस' असा, जसा पोटात कळ येऊन वाकलाय. वाटलं, लगेच ब्रश काढावा.

सोफ्याचं आणि धुराचं मला रोज आठवतं. क्लिफला सांग. किंवा नको सांगूस. बाळाचा खोकला गेला का?

उत्तर पाठवायचं तर माझ्या नावानं, पिट्सबर्गच्या मुख्य पोस्टात. 'येऊन घेईल' असं पाकिटावर लिही. ते महिनाभर सांभाळून ठेवतात.

तुझा
लेनी


यंग्जटाउन
२४ एप्रिल २०१२

निर्लज्ज लेनी,

दोन महिने! दोन महिने मी दर रविवारी चर्चमध्ये तुझ्या नावानं मेणबत्ती लावतेय आणि साहेब डॉलरच्या गाडीत बसून हवा खातायत! पत्र वाचलं आणि आधी रडले, मग तुला चार शिव्या दिल्या, मग परत वाचलं. आता फ्रिजवर लावलंय.

क्लिफला वाचून दाखवलं. तो पेपर वाचत होता, पान उलटायचं विसरला. राग उतरतोय त्याचा. थोडे दिवस जाऊ देत. तू सिगारेट पेटती ठेवून झोपलास, वर आमच्या लेकीचं, केलीचं बाळ झोपलं होतं. माणूस आजोबा आहे, घाबरणारच. बाळ आता छान आहे. खोकला गेला.

शुक्रवारी चर्चच्या स्वयंपाकघरात बटाट्याचं सारण भरून पिरोगी वळताना मी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ शहरं बघत फिरतोय, चित्रं बघतोय. सॅबोलबाई म्हणाली, "नशीब लागतं हो एकेकाचं. आमचे भाऊ दारूच्या गुत्त्यापलीकडे गेले नाहीत."  बरं वाटलं, खरं सांगते. इतके दिवस तुझं नाव निघालं की सगळ्या पिठात बघायच्या.

व्हॅन विकलीस ते बरं केलंस, तिचे ब्रेक गेलेच होते. अंगावर घालायला गरम आहे ना? राहतोस कुठे ते लिहिलं नाहीस. आणि पितोस का, तेही.

तुझी
अर्लीन


फिलाडेल्फिया
२९ मे २०१२

प्रिय अर्लीन,

पत्र मिळालं. निघायच्या दिवशीच मिळालं, म्हणून उत्तर इथून.

हे शहर माझ्यासारख्यांसाठीच बांधलंय. हजारो भिंती! इथे घरं एकमेकांना चिकटून असतात. मधलं एक पाडलं की शेजारच्याची आख्खी बाजू उघडी पडते, आणि त्या उघड्या बाजूवर हे लोक चित्र काढतात. निम्मं चित्र तर भिंतीवर काढतच नाहीत. पातळ कापडावर आत बसून रंगवतात आणि मग वॉलपेपरसारखं चिकटवतात. पाऊस आला तरी काम थांबत नाही. मला कोणी तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर माझी पाठ वाचली असती.

स्वस्ताई लिहून घे, तुला उपयोगी पडेल. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्या संग्रहालयात खुशीनं द्याल ते पैसे घेतात. तिथली स्वच्छतागृहं एकदम झकास, नळाला गरम पाणी. शहरातून शहरात जायचं तर रात्रीची बस घ्यायची, म्हणजे खोलीचं भाडं वाचतं. बाजार बंद व्हायच्या वेळी गेलं की ब्रेड अर्ध्या किमतीत.

आता खरी बातमी. शहराच्या उत्तरेला एका गल्लीत गल्लीतल्याच मेलेल्या माणसांची भिंत करतायत. चाळीस नावं लिहायची होती. परांचीवर एक पोरगी, म्हणजे तिशीची असेल, योलांडा, अक्षरं आखत होती. मी खालून ओरडलो, "बाई, तो 'आर' खाली पडणार बघा तुमचा!"

ती वरून म्हणाली, "आजोबा, एवढं कळतंय तर वर या."

गेलो वर. खिशातला ब्रश काढला. ती बघत राहिली. म्हणाली, "हा ब्रश मी फक्त चित्रात बघितलाय."

अर्लीन, चाळीसच्या चाळीस नावं तुझ्या भावानं लिहिली. आठ दिवस लागले. म्हाताऱ्या बायका खुर्च्या टाकून खाली बसायच्या आणि आपल्या माणसाचं नाव पुरं झालं की टाळ्या वाजवायच्या. योलांडाच्या घरून रोज माझ्यासाठी भात आणि काळा घेवडा यायचा.

राहतो एका वसतिगृहात. स्वच्छ आहे. पीत नाही. जवळजवळ.

लेनी


यंग्जटाउन
८ जून २०१२

प्रिय लेनी,

चाळीस नावं! स्वयंपाकघरात मी पत्र मोठ्यानं वाचलं आणि सॅबोलबाईनं पिरोगी चिमटायचं थांबवून डोळे पुसले. आपल्या आईला किती आनंद झाला असता. तू सहा वर्षांचा असताना तिच्या पिठाच्या डब्यावर 'मीठ' लिहून ठेवलं होतंस, ते माझ्याखेरीज आता कुणाला आठवणार?

आता तू ऐक. ११ ऑगस्टला आमच्या चर्चची बस फिलाडेल्फियाला देवदर्शनाला जातेय. दुपारी तीन तास मोकळे आहेत. मी नाव दिलंय. क्लिफला गुडघ्यानं चालवत नाही, तो येणार नाही, म्हणजे आपल्याला नीट बोलता येईल. तू मला तुझी भिंत दाखव, त्या पोरीला भेटव, तुझं वसतिगृह दाखव. पिरोगी आणेन, कांद्यात परतलेल्या. फोटो काढू भिंतीसमोर. गावातल्या लोकांच्या नाकासमोर धरणार आहे मी तो फोटो.

कुठे भेटायचं ते कळव.

अर्लीन


बाल्टिमोर
२ जुलै २०१२

प्रिय अर्लीन,

वाईट वाटून घेऊ नकोस. ऑगस्टमध्ये मी फिलाडेल्फियात नसेन. बाल्टिमोरचं तिकीट इतकं स्वस्त मिळालं की सोडवेना, आणि आता इथे बरंच बघायचं राहिलंय. तू ती भिंत बघायला एवढ्या उन्हात जाऊ नकोस. वस्ती बरी नाही. देवदर्शन कर आणि बसमध्ये बस.

इथे खिडक्यांच्या जाळ्यांवर चित्रं काढायची जुनी चाल आहे. डासांची जाळी असते ना, तिच्यावर बाहेरून लाल छपराचं घर, तळं, दोन हंस. रस्त्यावरून बघणाऱ्याला नुसते हंस दिसतात, आतलं काही दिसत नाही. आतल्याला मात्र सगळा रस्ता दिसतो. एका म्हातारीच्या जाळीवरचा रंग उडाला होता. मी म्हटलं, हंसाची मान नीट करून देऊ? ती म्हणाली, "हात बघू तुझे." बघितले आणि म्हणाली, "आधी जेवून ये."

उकाडा भयंकर आहे. फुटपाथवरचं डांबर बुटाला चिकटतं.

अर्लीन, समज मी थोडे दिवस तिकडे आलो तर? तळघर नको. गॅरेज चालेल. सिगारेट बाहेर ओढीन. सहज विचारतोय.

लेनी


यंग्जटाउन
१९ जुलै २०१२

प्रिय लेनी,

हंसांचं वाचून मजा वाटली. इथेही उकाडा आहे. टोमॅटो लवकर पिकलेत. केली आणि बाळ सध्या आमच्याकडेच आहेत, तिच्या नवऱ्याचं काम सुटलंय. गॅरेज त्यांच्या सामानानं भरलंय, पाय ठेवायला जागा नाही. हिवाळ्यात बघू.

तू मजेत आहेस ना? बाकी विशेष काही नाही.

अर्लीन


यंग्जटाउन
१४ ऑगस्ट २०१२

लेनी,

मी तुझी भिंत बघितली.

तू नको म्हणालास म्हणूनच गेले असं समज. टॅक्सीवाल्याला गल्ली सापडेना, शेवटी नावांची भिंत म्हटल्यावर एका बाईनं हात केला. भिंत सुंदर आहे. मी समोर उभी राहून नावं वाचत होते आणि तुझा हात शोधत होते. पहिल्या चार नावांत ओळखला. पुढच्यांत नाही.

बाजूच्या दुसऱ्या भिंतीवर काम चाललं होतं. मी योलांडाला विचारलं. ती खाली उतरली, हात पुसले, म्हणाली, "तुम्ही लेनीच्या कोण?"

"बहीण."

"बहीण आहे असं तो म्हणायचा," ती म्हणाली. "पण आम्हाला वाटायचं, असेच सांगतात सगळे."

लेनी, तिनं सगळं सांगितलं. मी विचारत गेले, ती सांगत गेली. पाचव्या नावाला तुझा हात इतका थरथरायला लागला की तूच ब्रश खाली ठेवलास. बाकीची छत्तीस तिनं लिहिली. तू खाली बसून तिला सांगत होतास, इथे दाब, इथे उचल. वसतिगृह नव्हतं. तू परांचीच्या मागे पुठ्ठ्यावर झोपायचास आणि गल्लीतल्या बायकांनी ठरवलं होतं की तुला तिथून कोणी हलवायचं नाही. व्हॅन विकली नव्हतीस, तू तिच्यातच राहत होतास आणि पिट्सबर्गात पोलिसांनी ती उचलून नेली. स्वस्तात कुठे काय मिळतं हे तुझ्याइतकं त्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं, ती म्हणाली. ती हसत म्हणाली. 

पिरोगी मी त्या बायकांना देऊन आले.

परतताना आख्ख्या बसमध्ये जपमाळ चालली होती आणि मी एका गोष्टीचा विचार करत होते. ती आता लिहिते, नाहीतर कधीच लिहिणार नाही. १२ जुलैला सकाळी फोन वाजला. बाल्टिमोरहून एक माणूस होता, सरकारी आवाज. म्हणाला, "लेनर्ड हुडाक इथे आमच्यासमोर आहेत. आमची योजना आहे, ज्यांचं घर नाही त्यांना आम्ही बसचं फुकट तिकीट देतो, पण पलीकडे कोणीतरी नातेवाईक घ्यायला तयार पाहिजे. तुम्ही त्यांच्या भगिनी ना? पाठवू का?"

क्लिफ समोर बसून अंडी खात होता. बाळ त्याच्या मांडीवर होतं.

मी म्हणाले, "तुमचा नंबर चुकलाय. या नावाचं माझं कोणी नाही."

क्लिफनं सांगितलं नव्हतं. मीच म्हणाले. तो म्हणालाही, कोण होतं? मी म्हटलं, काहीतरी विकणारे. आणि मग सात दिवसांनी तुला टोमॅटोचं पत्र लिहिलं.

ये, लेनी. सॅबोलबाईच्या माडीवर एक खोली रिकामी आहे. मी तिच्यापासून काहीही लपवलं नाही, आणि ती म्हणाली, येऊ दे. क्लिफला सगळं सांगितलंय. आज सकाळी तो म्हणाला, त्या खोलीत धूर झाला की वाजणारं यंत्र तपासून येतो. म्हणजे काय समजायचं ते समज. मी तिकीट पाठवते, फुकटचं नाही, माझं. फक्त कुठे पाठवू ते कळव.

अर्लीन


कॅन्सस सिटी
२३ सप्टेंबर २०१२

प्रिय अर्लीन,

तुझं पत्र मला बाल्टिमोर सोडतानाच मिळालं. पोस्टातून थेट बसवर गेलो आणि आपलं ओहायो राज्य ओलांडताना वाचलं. खिडकीतून उजवीकडे बघितलं असतं तर तासाभरावर तुम्ही होतात. बस थांबली नाही.

फोन स्पीकरवर होता. त्या कचेरीत तसंच करतात, म्हणजे माणसानं नंतर भांडू नये. तुझा आवाज स्वच्छ आला. मागे बाळाचाही आला. तो कारकून बिचारा माझ्याकडे बघेना, कागद जुळवत बसला. मी त्याला म्हटलं, "अहो, खरंच चुकला असेल नंबर, माझी अक्षरं हल्ली नीट येत नाहीत." तूही मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या जागी मी असतो तर मीही पोराला उचलून आत गेलो असतो.

त्या दिवसानंतर मी तुला लिहिलं नाही, ते रागानं नाही. काय लिहावं सुचेना. हंसांची गोष्ट संपली होती.

मग रांगेतल्या एकानं युक्ती सांगितली. कॅन्सस सिटीत त्याच्या ओळखीची एक बाई आहे, सिगारेटच्या दोन पाकिटांत ती कोणाचीही नातेवाईक होते. पाकिटं त्यानंच पोचती करायचं कबूल केलं. नंबर दिला. कारकुनानं फोन लावला. अर्लीन, त्या बाईनं इतक्या मायेनं म्हटलं, "अहो, पाठवा पाठवा, कधीची वाट बघतेय मी माझ्या भावाची," की मलाच भरून आलं. इथे आल्यावर तिचं तोंडही बघितलं नाही. पण कागदावर आता तीच माझी बहीण. जिथे जाईन तिथे तो कागद माझ्याबरोबर येतो.

सॅबोलबाईच्या खोलीचं. नको. तुला खरं तेच लिहायचं असं मी बसमध्ये ठरवलंय, म्हणून लिहितो. मी पितो. रोज पितो. पहिला घोट पोटात गेल्याशिवाय हात थांबत नाही आणि दुसरा गेल्यावर मी कुठे सिगारेट ठेवतो ते मला कळत नाही. त्या भल्या बाईचं घर मी जाळणार. तू फोनवर सांगितलंस ते बरोबरच होतं, फक्त ते माझ्या तोंडावर सांगायला तुला नको वाटलं असेल.

इथेही भिंती आहेत. रेल्वेच्या मालगोदामांवर, एकेक दोन मजली. मी बघतो. आधी मी काय काय सांगायचो, केस आणि धूर आणि काय. आता नुसता बघतो, कारण त्यांच्यापाशी बसायला सावली असते.

तीन आठवडे नाही घेतली तर तुला कळवीन. तोवर तिकीट पाठवू नकोस, मी विकून टाकीन.

लेनी


यंग्जटाउन
२ ऑक्टोबर २०१२

लेनी,

जाळ, काय जाळायचंय ते जाळ, पण ये. नाहीतर मी येते. क्लिफच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया १६ तारखेला आहे, तो चालायला लागला की मी मोकळी. तू पीत असशील तर पीत असशील. मी काही सॅबोलबाईच्या भरवशावर तुला टाकणार नाही, पहिले काही दिवस मीच त्या खोलीत झोपेन.

रोज कुठे जेवतोस एवढं तरी लिही.

अर्लीन


यंग्जटाउन
३ डिसेंबर २०१२

प्रिय लेनी,

ऑक्टोबरचं पत्र परत आलं. पाकिटावर शिक्का, 'कोणी घेतलं नाही.' हे दुसरं पाठवतेय, ते जुनंही आत घातलंय.

क्लिफ आता काठीनं चालतो. मी येतेय. नाताळात तिकिटांचे भाव बघून डोळे फिरले. तू शिकवलंस तसं केलं, ग्रंथालयात जाऊन संगणकासमोर गळ टाकून बसले. तिथल्या बाईनं मदत केली. २९ जानेवारीचं मिळालं, चाळीस डॉलर वाचले! बघ, तुझी बहीण पण शिकली. सकाळी साडेदहाला कॅन्सस सिटीच्या बसस्थानकावर उतरते. तू तिथे ये. आलास तर बरं, नाही आलास तर मी चर्चची सगळी स्वयंपाकघरं धुंडाळीन, मला त्यांची चांगली सवय आहे.

आठ आठवडे आहेत. नीट राहा तेवढे.

तुझी
अर्लीन


कॅन्सस सिटी
१९ जानेवारी २०१३

श्रीमती अर्लीन यांस,

आपली ओळख नाही. मी ओपल टिबेट्स, इथल्या आमच्या चर्चच्या स्वयंपाकघराचं काम बघते. रोज दुपारी दोनशे माणसं जेवतात. तुमचा पत्ता मला काल सापडला, आणि तो आठ दिवस आधी सापडायला हवा होता. वाईट बातमी लिहिण्याची पद्धत मला येत नाही. तुमचा भाऊ लेनर्ड ९ जानेवारीला गेला.

नव्या वर्षाच्या आठवड्यात फार थंडी पडली. ५ तारखेला तो जेवायला आला नाही म्हणून आमच्यातले दोघं बघायला गेले. गोदामाच्या भिंतीपाशी तापात सापडला. रुग्णालयात नेलं. न्यूमोनिया होता, दोन्ही बाजूंनी. तो शुद्धीवर आला नाही. मी दोनदा जाऊन बसले.

त्याच्या कागदपत्रांत बहिणीचा एक नंबर होता, याच शहरातला. रुग्णालयानं लावला, नंतर मीही लावला. तो बंद झालेला होता. काल कपाट साफ करताना त्याची पिशवी मिळाली. तो ती आमच्याकडे ठेवायचा, चोरीला जाऊ नये म्हणून. तिच्यात तीन ब्रश आणि तुमची पत्रं. तोवर जिल्ह्याच्या कचेरीनं बेवारस म्हणून १६ तारखेला अंत्यसंस्कार उरकले होते. अस्थी त्यांच्याकडे डब्यात आहेत, तीन महिने ठेवतात. नात्याचा दाखला आणलात तर देतील.

आणखी एक सांगते. सांगावं की नाही याचा काल दिवसभर विचार केला. तुमचं डिसेंबरचं पत्र उघडलेलं आहे. डिसेंबरच्या दहा तारखेच्या सुमाराला तो मला म्हणाला, "बाई, मला सकाळी लवकर कामाला लावा, हात रिकामे नकोत." तेव्हापासून तो बटाटे सोलायचा. पहिला आठवडा त्याचे हाल बघवत नव्हते. नंतर त्यानं घेतली नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जानेवारीच्या २९ तारखेभोवती त्यानं गोल काढला होता. मी विचारलं, काय आहे रे त्या दिवशी? तो म्हणाला, "पाहुणे."

तो 'बहीण' म्हणाला असता तर मी पत्ता विचारला असता. मला क्षमा करा.

माझा फोन नंबर खाली देते.

ओपल टिबेट्स


यंग्जटाउन
२३ जानेवारी २०१३

श्रीमती टिबेट्स,

तुमचं पत्र काल आलं. तुम्ही क्षमा मागू नका. तुम्ही त्याच्यापाशी जाऊन बसलात. मला ते वाक्य माझ्या नवऱ्याकडून, क्लिफकडून, पुन्हा वाचून घ्यावं लागलं, माझ्यानं पुढे जाईना.

तुम्ही नंबर दिलाय, पण मी फोन करणार नाही. फोनवर मी काय बोलते याचा मला भरवसा नाही.

तुम्हाला तो नंबर कसा काय बंद निघाला याचं आश्चर्य वाटलं असेल. त्या नंबरावरची बाई त्याची कोणी नव्हती. बहिणीच्या जागी बरोबर नंबर आधी एकदा लिहिला होता, बाल्टिमोरमध्ये, आणि तो लागलाही होता. जुलैत. मीच उचलला होता. बाकीचं भेटल्यावर सांगेन, सांगता आलं तर.

मी २९ तारखेला साडेदहाच्या बसनं येते. नात्याचा दाखला आणतेय. आमच्या आईच्या हातचं बाप्तिस्म्याच्या वहीचं पान आहे, त्यावर आम्हा दोघांची नावं एकाखाली एक आहेत. ते चालत नसेल तर मला आधी कळवा, मी न्यायालयातून आणीन. क्लिफ म्हणतो मीही येतो. मी नको म्हटलं. त्याला जागा नाही.

डिसेंबरमध्येही तिकिटं होती, टिबेट्सबाई. रोज एक बस होती. चाळीस डॉलर जास्त पडत होते. मी ग्रंथालयातून घरी आले तेव्हा क्लिफला अभिमानानं सांगितलं होतं, बघ किती वाचवले. तो दहा तारखेपासून तुमचे बटाटे सोलत होता आणि मी इथे शुक्रवारी पिरोगी वळत दिवस मोजत होते.

काल स्थानकावर जाऊन आले. येतानाचं एकच आसन घेतलं होतं, परतीची दोन. खिडकीवरच्या बाईला विचारलं, एक परत घ्याल का? ती म्हणाली, "स्वस्तातली तिकिटं परत होत नाहीत. नावही बदलता येत नाही." मी म्हटलं, बरं.

तुम्ही त्या कचेरीत मला घेऊन चला. डबा केवढा असतो ते मला माहीत नाही. मांडीवर घ्यावा लागला तरी घेईन, पण तशी गरज पडणार नाही. माझ्या शेजारची जागा त्याच्याच नावावर आहे.

अर्लीन